मागच्या डाव्या चाकाचे चार नट

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझं गॅरेज आहे. गाडीतून आवाज आला की त्याला कारण असतं – बेअरिंग गेलेलं असतं, बुश फाटलेला असतो, नाहीतर मालकाने सीटखाली पाण्याची बाटली टाकलेली असते. वीस वर्षांत कारण न सापडलेला आवाज मला भेटलेला नाही. या पानावर लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात, ते मी जेवताना बायकोला वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं हसतो. आता ती मला हसेल. हसू दे.

दुसरी गोष्टही आत्ताच सांगतो, कारण ती लपवली तर पुढचं काही कळणार नाही. मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावावर जळतो. जळायचो नाही, जळतो. तो माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं... पण तो चांगला आहे, हाच तर ताप आहे.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणी बोलणारे. आमचे वडील, आबा, लग्नाआधीच सुरतला आले आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात लागले. आधी कारीगर, मग मशीन दुरुस्त करणारे मास्तर. नवागामला दोन खोल्यांच्या घरात मी आणि योगेश वाढलो, आणि आजही माझं गॅरेज तिथून चालत दहा मिनिटांवर, डिंडोलीच्या रस्त्याला आहे. योगेश पलसाण्याला एका डाईंगच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. कापडाच्या रंगाचा शेड जुळवणं त्याचं काम. एसीत बसतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या अंगाला सेंटचा वास असतो आणि माझ्या अंगाला गिअर ऑईलचा.

आबांच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढे लागतील. एक म्हणजे खात्यात शंभर मशीनचा खडखडाट, हाक मारून काही उपयोग नसे. मशीन लगेच बंद करायचं असेल तर दोन्ही मुठी डोक्यावर नेऊन मनगटाशी फुली करायची. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं भाऊ त्यांचा डबा घेऊन जायचो, त्यामुळे ही खूण आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली.

दुसरी म्हणजे चुना. आबा तंबाखू खायचे. एखादा नट कसून झाला की ते डबीतला चुना बोटावर घ्यायचे आणि नटावर ठिपका द्यायचे. ठिपका आहे म्हणजे कसलेला, नाही म्हणजे बाकी. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर मशीनच्या पट्ट्यात जाऊन तुटलेलं होतं आणि त्या थोटकावर टाक्याची खाच राहिली होती. ते त्याच थोटकाने चुना लावायचे. म्हणायचे, "डबीमा बराबर बठस." त्यामुळे त्यांचा ठिपका कधी गोल उठायचा नाही. लांबट, आणि मधे रेघ... गव्हाच्या दाण्यासारखा. तसला ठिपका दुसऱ्या कुणाच्या बोटाने उठूच शकत नाही.

दोन वर्षांपूर्वी आबा छातीच्या दुखण्याने गेले. जायच्या आधीच्या दिवाळीत त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं, पान्यांची कापडी पिशवी काढली आणि योगेशच्या मांडीवर ठेवली. योगेशच्या! ज्याला कुठला नट उलट्या आट्याचा असतो हे माहीत नाही त्याच्या. माझा चेहरा बघून आबा म्हणाले, "तुले हात दिधात. त्याले पाना राहू दे."

हात दिले म्हणे. हात काय, सगळ्यांनाच असतात.

आता जिप्सीवर येतो.

व्याऱ्याच्या पुढे एका गावात मी गिऱ्हाइकाची बंद पडलेली गाडी आणायला गेलो होतो. तिथे एका शेतात आंब्याखाली जुनी जिप्सी उभी होती. कापडाचं हूड फाटलेलं, सीटवर कोंबड्या. लहानशी पत्र्याची गाडी, पण चारही चाकांना जोर... मला ती वयाच्या पंधराव्या वर्षापासून हवी होती. त्यानंतर काही ना काही निमित्त काढून मी तिथे तीन वेळा जाऊन आलो. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सरळ आहे हे खाली वाकून बघितलं, इंजिनाचा नंबर पाठ केला. घ्यायची हिंमत होत नव्हती, 'बघू, दिवाळीनंतर बघू' चाललं होतं. आणि एका रविवारी जेवताना मूर्खासारखा योगेशला बोलून बसलो.

महिन्याभरात तो ती चालवत दारात आला. हॉर्न वाजवून म्हणाला, "भाऊ, आपली गाडी!"

आपली! कागदावर नाव त्याचं.

पण हात माझेच लागले. आठ महिने रोज संध्याकाळी आणि रविवारी मी त्या गाडीवर घातले. सडलेला तळ कापून नवा पत्रा जोडला, फोर-व्हीलचा जाम झालेला दांडा मोकळा केला, पुढे जाडजूड बंपर आणि दोर ओढायची विंच बसवली, पाण्यात गेली तरी इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून नळी वर छतापर्यंत नेली. योगेश शनिवारी यायचा, कोल्ड्रिंक आणायचा आणि रील काढायचा. रीलखाली लिहायचा – माय बिल्ड. रंग तेवढा त्याने निवडला, शेवाळी. चांगला जमलाय, कबूल आहे. त्या सगळ्या रीलमध्ये मी दोनदा दिसतो. मनगटापर्यंत.

शेवटचं काम होतं गाडी उंच करायचं. त्यासाठी चारही चाकांना नवे, जास्त बाकाचे पाटे टाकले, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. हे पाटे आणि चाकांचा एक्सल यांना बांधून ठेवतात ते यू-बोल्ट. एका चाकाला दोन, म्हणजे चार नट. गाडी जॅकवरून उतरली, तिचं वजन पाट्यांवर आलं की मगच हे नट शेवटचे कसायचे. ते ढिले राहिले तर सपाट रस्त्यावर कदाचित कळणार नाही... पण उतारावर एक्सल जागचा सरकला की गाडी आपलं ऐकत नाही. मग ती आडवी होते.

श्रावणातला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी आमच्या खानदेशातला कानबाई देवीचा सण, म्हणून मी दोन दिवस गॅरेज बंद ठेवणार होतो. तीन चाकांचे नट कसून झाले होते, त्यांवर माझ्या पिवळ्या मार्करच्या खुणा होत्या. मागचं डावं चाक बाकी होतं. तेवढ्यात योगेश आला. हातात आबांची पिशवी.

"भाऊ, शेवटच्या चाकाले आबांचा पाना लावू. भारी रील होईल. मी कसतो, तू व्हिडिओ काढ."

त्याने माझ्या हातात फोन दिला आणि गाडीखाली आडवा झाला. आबांचा पाना... त्याचा दांडा त्यांच्या तळहाताने गुळगुळीत झालेला. दोन वर्षांत मला एकदाही हातात मिळाला नव्हता. योगेशने तो नटाला उलटाच लावला. मी सांगितल्यावर सुलटा केला, अर्धा आटा फिरवला, दात दाखवले. "आला का चेहरा?"

"आला."

तो उठला, पाना पुसून पिशवीत घातला, पिशवी काखेत मारली. जाताना म्हणाला, "बाकीचं तू कस." स्कूटर चालू केल्यावर ओरडून वर, "मिस्त्री नंबर वन!" मस्करीत म्हणाला, मला ठाऊक आहे.

बाकीचं मी कसलं नाही.

गॅरेज झाडलं, हात धुतले, शटर ओढलं, कुलूप लावलं. चावी एकच आहे, ती माझ्या खिशात असते. एका नटाला योगेशचा अर्धा आटा, बाकीचे नुसते बोटांनी फिरवलेले, चारही तसेच राहिले. विसरलो असं मी बायकोला सांगितलंय. तुम्हाला नाही सांगत.

रविवारी घरी कानबाई बसली. आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू मोजतात. ते आठवड्याआधीच झालं होतं, आणि तेव्हाही मी बघत होतो – योगेशच्या नावाची मूठ मायच्या हातात मोठीच भरते. आरतीला मी टाळ्या वाजवत होतो आणि डोक्यात चार नट. सोमवारी वाजतगाजत तापीवर विसर्जनाला गेलो. नाचलो, भिजलो. चावी खिशातच होती, घरी आल्यावर ओल्या पॅंटमधून मीच काढली.

सोमवारी चार वाजता योगेश गाडी न्यायला आला. शटर मी उघडलं. आता तोंड उघडायचं, एवढंच बाकी होतं. तो आत बसला, स्टिअरिंगला नमस्कार केला, मला म्हणाला, "भाऊ, येतो." आणि गेला. मी शटर ओढलं.

मनाला सांगितलं, रविवारी त्याच्या गाडीवाल्या ग्रुपचं सोनगडकडे आउटिंग आहे, गाड्या नदीत उतरवायच्या आहेत, तोवर सांगू. मंगळवार गेला. बुध गेला. तो रोज तीच गाडी घेऊन पलसाण्याला जायचा आणि धडधाकट परत यायचा. त्याचा जीव मला नको होता, देवाशपथ. मला काय हवं होतं सांगू? गाडी खडखडायला हवी होती. मित्रांसमोर त्याची फजिती व्हायला हवी होती, आणि त्याने हात जोडून माझ्या दारात यायला हवं होतं – "भाऊ, तुझ्याशिवाय नाही होत." बस, एवढंच. पण तो काही येत नव्हता, आणि रोज संध्याकाळी त्याचा हॉर्न ऐकला की माझं तोंड कडू व्हायचं.

रविवारी सकाळी मी मायकडे चहाला गेलो. घर शांत. विचारलं, योगेशची बायको, पोरगी कुठे? माय योगेशकडेच राहते.

माय म्हणाली, "सकायमाच ग्यात बठ्ठा. वहू बी गयी, परी बी गयी. मांगे बसीसन जासू म्हने, पोरगी आइकेच ना."

सगळेच गेले होते. परी त्याची सहा वर्षांची मुलगी. मागच्या सीटवर. त्या चाकाच्या डोक्यावर.

चहा तसाच राहिला. पहिला फोन लावला तेव्हा तो उचलला जाऊ नये असंच मला वाटत होतं, कारण बोलायचं काय? उचलला गेला नाही. मग मात्र मी बाईकला किक मारली आणि बारडोली, व्यारा करत निघालो. थांबून थांबून फोन लावत होतो. आधी नुसती रिंग, नंतर रेंजच नाही. सोनगडच्या अलीकडे कुठे उतरणार ते त्याने स्टेटसला टाकलं होतं, म्हणून वाट सापडली. शेवटचे दोन किलोमीटर बाईक चिखलात ढकलत नेली.

दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. खाली नदीचं पात्र, आणि त्यात उतरायला लाल मातीचा तासलेला उतार. योगेशची जिप्सी उताराच्या तोंडाशी. पुढची चाकं कडेवर आली होती. मागे परी हात हलवत होती. तिच्या आईने तिला धरलं होतं.

मी ओरडलो. बारा इंजिनं, कोण ऐकतंय! मग माझे हात आपोआप वर गेले. दोन्ही मुठी डोक्यावर, मनगटाशी फुली.

योगेशने बघितलं. गाडी तिथेच थांबली. इंजिन बंद. तीस वर्षांनी ती खूण बघून त्याचा पाय ब्रेकवर गेला.

गाडी मागे घ्यायला लावली आणि सरळ चिखलात आडवा होऊन मागच्या डाव्या चाकाखाली हात घातला. नट शोधला. बोटांनी फिरवून बघितला... हलला नाही. दुसरा नाही. तिसरा नाही, चौथा नाही. खिशातून पाना काढून जोर लावला. चारही असे कसलेले की केसभर सरकेनात.

आणि चारहींवर पांढरा ठिपका. लांबट. मधे रेघ.

बाकीची तीन चाकं मी बघितली. माझ्या पिवळ्या खुणा चिखलाने आणि पाण्याने जवळजवळ गेल्या होत्या. आठवडाभर पलसाण्याचा रस्ता, श्रावणातला पाऊस – चुना एका दिवसात धुऊन जायला हवा. पण हे चार ठिपके ओले असल्यासारखे पांढरे होते. मी एकाला बोट लावलं, ते बोट जिभेला लावलं. जीभ पोळली. चुनाच.

योगेश वाकून बघत होता. "काय झालं, भाऊ?"

"काही नाही. चेक करायला आलो."

"अरे, त्या चाकाचं का? मंगळवारी धुताना बघितलं मी. आबांसारखा चुना लावलास ना तू..." तो माझ्या शेजारी उकिडवा बसला. "खरं सांगू, मी तिथेच रडलो, भाऊ. फोटो काढून मायले बी दाखवला."

त्याने फोनवर फोटो दाखवला. तेच ठिपके. म्हणजे मला भास झाला असंही म्हणायची सोय नाही.

मग तो पुन्हा गाडीत बसला आणि उतरला. काय उतरली ती गाडी! पाटे दबले, उठले, चारही चाकं मातीला धरून... पात्रात जाऊन उभी राहिली तेव्हा वर टाळ्या पडल्या. त्याच्या ग्रुपचा एक गुजराती माणूस खाली जाऊन त्याच्या खांद्यावर थाप मारत म्हणाला, "शुं गाडी बनावी छे, योगेशभाई!"

योगेशने वर माझ्याकडे बोट केलं. "मारा मोटाभाईए बनावी छे."

आठ महिने मी या एका वाक्याची वाट बघत होतो. आणि ते आलं तेव्हा मी चिखलाने माखून चोरासारखा उभा होतो. तो सगळ्यांसमोर माझं नाव घेत होता, आणि घेत होता ते मी न केलेल्या चार नटांसाठी.

आता तुम्ही विचाराल ते सगळं माझं मलाच विचारून झालंय. योगेशने कसले? त्याची ती रील माझ्याकडे आहे, अर्ध्या आट्यात त्याला धाप लागलेली दिसते. शिवाय तो चुना मी लावला असंच समजत होता. दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीने? गाडी कुठे दाखवलीच नव्हती. मीच कसले आणि विसरलो? तसं वाटलं असतं तर हे लिहिलं नसतं. आणि माझ्या बोटाने तो ठिपका उठत नाही.

मायला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मारेल असं वाटलं, मारलं नाही. उठून आबांच्या फोटोमागची चुन्याची डबी काढली आणि उघडली. चुना वाळून दगड झालेला होता. दोन वर्षं होता तसाच. तिने झाकण लावलं.

मी म्हणालो, "बघ, माय. आला तोही त्याच्यासाठीच आला. मेल्यावरही योगेशच."

"येडा शे तू," ती म्हणाली. "त्यानाकरता नही उना तो. तुनाकरता उना. तुना हात खराब व्हवाले नको म्हनीसन."

माय आहे, ती असंच म्हणणार. मला पटलं आणि नाहीही पटलं. मरता मरता वाचला तो योगेश, टाळ्या मिळाल्या त्या योगेशला, ठिपके उठले ते योगेशच्या गाडीला. आबा गाडीखाली आडवे झाले असतील तर माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या फरशीवर झाले, आणि मला दिसलेही नाहीत.

म्हणून मी एक केलं. हसा. माझी एक जुनी व्हॅन गॅरेजमध्ये असते. तिच्या मागच्या डाव्या चाकाचा एक नट मी मुद्दाम ढिला करून ठेवला. शटर लावलं, चावी खिशात. व्हॅन जागची हलवली नाही. सकाळी जाऊन बघितलं – ढिला. दुसऱ्या दिवशी बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण सोडून जाऊन बघितलं.

योगेशला अजून तोंडाने सांगितलेलं नाही. पण हे पान मला त्यानेच पाठवलं होतं, तो रोज वाचतो. म्हणजे आता सांगितलं असं धरायला हरकत नाही. योगेश, मारायचं असेल तर घरी येऊन मार. आणि पाना घेऊन ये, एकदा हातात दे.

चार नट कुणी कसले याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर कृपा करून सांगू नका, मला ते ऐकवणार नाही.

त्या व्हॅनचा नट चौथ्या दिवशी मीच कसला. पानवाल्याकडून चुन्याची पुडी आणली होती. ठिपका दिला. माझं बोट धड आहे, त्यामुळे तो गोल उठला. मधे रेघ नव्हती.